बॅकअप घेतला होता ना? मग एकदा उघडून बघा!



आजचा विषय दुकानाच्या हिशेबाचा आहे. "आमचं कुठे दुकान आहे?" असं म्हणून पुढे सरकू नका. तुमचं नसेल, पण मामाचं असेल, बहिणीचं बुटीक असेल, शेजारच्या काकूंचा डब्यांचा व्यवसाय असेल. आणि त्यांच्या कॉम्प्युटरचं काही अडलं की पहिला फोन घरातल्या तरुण मुलाला नाहीतर मुलीलाच येतो.

मला असा फोन गेल्या जुलैत आला. माझ्या काकांचं भिलाईत सुपेल्याला हार्डवेअरचं दुकान आहे. नट-बोल्ट, पाइप, नळ, रंग असं सगळं. त्या संध्याकाळी जोराचा पाऊस होता, वीज दोनदा गेली-आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. माझं शिक्षण बीए इंग्लिश, पण आमच्या घरात "हिला कॉम्प्युटरमधलं कळतं" असा समज आहे. म्हणून मी गेले.

हार्ड डिस्क गेली होती. काका मात्र शांत होते. म्हणाले, "घाबरायचं काही नाही गं, मुनीमजी रोज बॅकअप घेतात." मुनीमजींनीही खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "बैकअप तो रोज़ लिया है, बेटा."

दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो पेन ड्राइव्ह लावला. बॅकअपची फाइल होती. तिच्यावरची तारीख होती मागच्या वर्षीच्या मे महिन्याची. म्हणजे चौदा महिने जुनी.

मुनीमजी खोटं बोलत नव्हते. ते खरंच रोज दुकान बंद करताना पेन ड्राइव्ह लावत होते, बॅकअपचं बटण दाबत होते, आणि पडद्यावर काम झाल्याचं दिसत होतं. मग चौदा महिन्यांचा हिशेब गेला कुठे?

ई आणि एफ यांची गोष्ट

उत्तर सापडायला मला दोन दिवस लागले. पूर्वी त्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोनच भाग होते, सी आणि डी. पेन ड्राइव्ह लावला की त्याला पुढचं अक्षर मिळायचं, ई. म्हणून मुनीमजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ई म्हणजे पेन ड्राइव्ह.

मागच्या मे महिन्यात कॉम्प्युटर फॉरमॅट केला गेला. विंडोज नव्याने टाकताना डिस्कचे तीन भाग झाले: सी, डी आणि ई. आता पेन ड्राइव्हला अक्षर मिळू लागलं एफ. मुनीमजींनी मात्र सवयीप्रमाणे बॅकअपच्या जागेत ई लिहिलं. सॉफ्टवेअरने सांगितलं तिथे फाइल ठेवली, अगदी इमाने इतबारे. पेन ड्राइव्ह लावलेला असायचा, त्याचा दिवाही लागायचा, पण त्यात काहीच जात नव्हतं. हिशेब आणि हिशेबाचा बॅकअप दोन्ही एकाच डिस्कवर साठत होते. डिस्क गेली आणि दोन्ही एकदम गेले. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच.

यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता आणि मुनीमजी आळशीही नव्हते. चूक एवढीच होती की चौदा महिन्यांत एकदाही कुणी तो पेन ड्राइव्ह उघडून आत काय आहे ते पाहिलं नाही. आजच्या लेखात मला हेच सांगायचं आहे. बॅकअप घेतल्याने काम अर्धं होतं. तो परत उघडून, आत ताजे आकडे दिसले, की काम पूर्ण होतं.

मोठ्यांचंही असंच होतं

हे फक्त छोट्या दुकानात घडतं असं समजू नका. मुलांच्या आवडत्या 'टॉय स्टोरी 2' या सिनेमाची गोष्ट ऐका. 1998 साली पिक्सार कंपनीत हा सिनेमा तयार होत असताना कुणीतरी चुकून फाइली पुसण्याची आज्ञा दिली आणि बघता बघता सिनेमाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. बॅकअपकडे धाव घेतली तर कळलं की बॅकअप नीट चालतच नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाचवलं कुणी? गेलिन सुसमन नावाच्या तांत्रिक विभागातल्या बाईंनी. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या, आणि म्हणून सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला गेला आणि काम पुन्हा उभं राहिलं.

दुसरी गोष्ट तर थेट हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आणि महाराष्ट्राशी जोडलेली. 27 जून 2017 रोजी नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कारण होतं नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम. तो पसरायला सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथल्या छोट्या-मोठ्या कंपन्या ते सॉफ्टवेअर वापरत होत्या. हे टर्मिनल चालवणारी मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी. तिच्या नेटवर्कमधल्या सगळ्या परवानग्या सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकदमच पुसले गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तर त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता!

आमच्याकडे वीज गेल्यामुळे नुकसान झालं, त्यांचं वीज गेल्यामुळे वाचलं. पण धडा दोन्हीकडे सारखा आहे. बॅकअप मूळ मशिनला कायम जोडलेला असेल, तर मशिनसोबत तोही बुडतो.

बॅकअप फसतो कुठे? एकेक जागा तपासा

आपल्याकडे दुकानदारांत टॅली जास्त वापरतात, म्हणून उदाहरण त्याचं घेते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आणि रिस्टोअर हे दोन्ही पर्याय आहेत. जुनं ईआरपी नाइन असेल तर ऑल्ट आणि एफ-थ्री दाबून कंपनी इन्फोमध्ये जा. सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी पुढच्या गोष्टी बहुतेक तशाच लागू पडतात.

1. जागेचा पत्ता. बॅकअप घेताना फाइल कुठे जाणार तो पत्ता पडद्यावर दिसतो. तो दर वेळी वाचा. पेन ड्राइव्हचं अक्षर बदलू शकतं. पत्ता सापडला नाही तर सॉफ्टवेअर निदान चूक तरी दाखवतं. पत्ता सापडला पण चुकीचा असला, तर आमच्यासारखं होतं. सोपा उपाय म्हणजे पेन ड्राइव्हला नाव द्या, उदाहरणार्थ 'दुकान बॅकअप', आणि विंडोजमध्ये ते नाव कोणत्या अक्षरापुढे दिसतंय ते आधी पाहा.

2. पेन ड्राइव्ह भरलेला किंवा खराब. त्याच पेन ड्राइव्हवर लग्नाचे फोटो आणि गाणी असतील तर जागा कधी संपली ते कळत नाही. हिशेबाचा पेन ड्राइव्ह फक्त हिशेबासाठी ठेवा. आणि काम झाल्यावर तो ओढून काढू नका, आधी 'इजेक्ट' करा. फाइल लिहून पूर्ण व्हायच्या आत ड्राइव्ह काढला तर ती अर्धवट राहते. नाव बरोबर दिसतं, पण उघडत नाही.

3. चार जीबीची मर्यादा. बरेच पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, मग ड्राइव्ह 64 जीबीचा का असेना. दुकानाचा हिशेब एवढा मोठा सहसा नसतो, पण बिलांचे फोटो, स्कॅन असं सगळं मिळून एकच झिप केली तर अडतं. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण जाते. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे मात्र आधी लक्षात घ्या.

4. परवानगी नाही. सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा प्रोग्राम फाइल्स फोल्डरमध्ये विंडोज कुणालाही सहज लिहू देत नाही. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअरपासून संरक्षणाची सोय चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये लिहायलाही अडवणूक होऊ शकते. अशा वेळी संरक्षण बंद करू नका, परवानगीच्या यादीत आपलं सॉफ्टवेअर घाला.

5. दुसऱ्या टेबलावर काम चालू आहे. दोन-तीन कॉम्प्युटर एकाच डेटावर काम करत असतील आणि तुम्ही थेट फोल्डर कॉपी करायला गेलात, तर उघड्या फाइली कॉपी होत नाहीत किंवा अर्ध्या जुन्या-अर्ध्या नव्या जातात. सगळीकडे कंपनी बंद करा, मगच बॅकअप घ्या.

6. चुकीची कंपनी. वर्षानुसार डेटा वेगळा केलेला असेल तर एकाच नावाच्या दोन-तीन कंपन्या यादीत दिसतात. बॅकअप मागच्या वर्षाचा होतोय आणि चालू वर्ष तसंच राहतंय, असं सहज होतं. नावासोबत वर्षही बघा.

7. चालू डेटाच क्लाउडवर. काही जण हुशारी म्हणून टॅलीचं चालू फोल्डरच गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवतात. तसं करू नका. तुम्ही एंट्री करत असताना ते अ‍ॅप तीच फाइल वर पाठवायला बघतं, आणि दोघांच्या ओढाताणीत डेटा बिघडू शकतो. शिवाय इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल 30 दिवस राहते, नंतर कायमची जाते. म्हणून चालू फोल्डर कॉम्प्युटरवर राहू द्या, क्लाउडवर फक्त तयार बॅकअपची फाइल टाका.

8. आवृत्ती आणि पासवर्ड. नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडेल अशी आशा धरू नका. आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर डेटा समोर असूनही हाती लागत नाही, तो पासवर्ड परत मिळवायची सोय नाही. कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा. ज्याला माहीत आहे तो मुनीम गावी गेला तर काय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

9. मूळ डेटाच बिघडलेला. वीज अचानक गेली की चालू असलेली एंट्री अर्धवट राहून फाइल बिघडू शकते. मग बॅकअपही बिघडलेल्याच डेटाचा होतो. दुरुस्तीचा पर्याय वापरण्याआधी संपूर्ण फोल्डरची प्रत बाजूला काढून ठेवा. आणि एक छोटा यूपीएस घ्याच. त्याने दुकान चालत नाही, पण कॉम्प्युटर नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळतात.

मोबाइलवरच्या बिलिंग अ‍ॅपमध्ये हिशेब ठेवत असाल तर तुमच्यासाठी प्रश्न दोनच आहेत. बॅकअप कोणत्या ईमेलच्या खात्यात जातोय, आणि शेवटचा कधी गेला? मोबाइल घेऊन देणाऱ्या भाच्याच्या खात्यात बॅकअप जातोय, असंही होतं. सेटिंगमध्ये जाऊन आत्ताच बघा.

उघडून पाहायची रीत

आता मुख्य काम. महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं.

सगळ्यात आधी सावधगिरीची गोष्ट. जुना बॅकअप कधीही चालू डेटाच्या फोल्डरवर रिस्टोअर करू नका. तसं केलं तर आजचा हिशेब पुसून त्या जागी जुना बसू शकतो. बॅकअप तपासायला जाऊन चालू वर्ष घालवलं, असं व्हायला नको.

डी ड्राइव्हवर 'तपासणी' नावाचं नवीन रिकामं फोल्डर करा. रिस्टोअर करताना कुठे ठेवायचं, या जागी त्याच फोल्डरचा पत्ता द्या. जमल्यास हे काम दुसऱ्याच कॉम्प्युटरवर करा, म्हणजे मूळ मशिन नसताना बॅकअप उघडतो की नाही हेही कळेल. मग त्या फोल्डरमधून कंपनी उघडा आणि तीन गोष्टी पाहा:

- शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे?
- रोख आणि बँकेची शिल्लक मूळ हिशेबाशी जुळते का?
- एकूण व्हाउचर किती आहेत? टॅलीत स्टॅटिस्टिक्सच्या अहवालात हा आकडा मिळतो.

तिन्ही जुळलं की 'तपासणी' फोल्डर पुसून टाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बरोबरची खूण करा. आमच्या दुकानात आता महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर अशी खूण होते. एरवी दूधवाल्याचे खाडे मांडायला ते उपयोगी पडतंच.

एवढं दर आठवड्याला जमत नसेल तर निदान फाइलची तारीख आणि आकार बघा. दुकान चालू आहे, बिलं फाटतायत, आणि बॅकअपचा आकार सहा महिन्यांपूर्वी होता तेवढाच आहे, तर नक्की काहीतरी गडबड आहे.

आणि आधीच बुडालं असेल तर?

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशिन लगेच बंद करा. परत परत चालू करून बघू नका, त्याने उरलंसुरलंही जातं. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच न्या. फाइली चुकून पुसल्या असतील तर त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका, फाइली परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. पुसलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की ती फाइल परत येत नाही. एसएसडी असेल तर पुसलेलं परत मिळायची शक्यता फार कमी.

मग हिशेब पुन्हा उभा करायचा. आम्ही तो तीन आठवडे केला. कुठून काय मिळतं ते सांगते.

जीएसटीच्या पोर्टलवर तुम्ही भरलेली जीएसटीआर-1 विवरणपत्रं असतात. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांना दिलेली बिलं त्यात एकेक करून सापडतात. तुमची खरेदी जीएसटीआर-2बी मध्ये दिसते, कारण ती माहिती तुमच्या पुरवठादारांनी भरलेली असते. बँकेचं स्टेटमेंट असतं. ई-वे बिलं असतात. पुरवठादारांकडे तुमच्या खात्याचा उतारा मागता येतो. मागच्या वर्षाचा डेटा सीएकडे दिलेला असेल तर मोठं काम वाचतं. आमचा द्यायचा राहिला होता. आता एप्रिल संपायच्या आत तो जातो.

त्यात जुलै महिना. जूनची जीएसटीआर-1 भरायची शेवटची तारीख 11 जुलै, उशीर झाला तर विलंब शुल्क. मुनीमजींनी त्या चार दिवसांत जूनची सगळी कार्बन कॉपीची बिलं एकेक करून पुन्हा चढवली. रात्री साडेदहापर्यंत बसायचे. मी वाचून दाखवायचे, ते टाइप करायचे. मधे कधीतरी म्हणाले की तीस वर्षांत वही कधी अशी गेली नव्हती. त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

सरकारी कागद असे हळूहळू जुळले. पण एक गोष्ट कुठल्याच पोर्टलवर नव्हती. उधारी.

किरकोळ विक्री विवरणपत्रात जाते ती कराच्या दरानुसार एकत्र बेरजेत. अमुक महिन्यात 18 टक्के कराची एवढी विक्री, बस्स. कोणत्या माणसाने काय नेलं, कुणी पैसे दिले आणि कोण "पगार झाला की देतो" म्हणून गेला, हे सरकारला माहीत नसतं. ते फक्त दुकानदाराच्या वहीत असतं. भिलाई हे स्टील प्लांटचं गाव. 1959 साली इथली पहिली भट्टी पेटली तेव्हापासून बाजाराचं चक्र पगाराच्या तारखेवर फिरतं. सेक्टरमधल्या क्वार्टरचा नळ बदलायचा, गेटला रंग द्यायचा, सामान आज आणि पैसे पगाराला. छोटे फॅब्रिकेशनवालेही त्यांचं बिल पास झालं की देतात. ही सगळी उधारी त्या एका डिस्कवर होती.

पूर्वी काकू दुकानात बसायच्या तेव्हा उधारीची लाल वही वेगळी असायची. कॉम्प्युटर आला आणि ती बंद झाली.

शेवटी काकांनी गिऱ्हाइकांना फोन लावले. "आमचा कॉम्प्युटर गेलाय. तुमची बाकी किती होती ते तुम्हीच सांगा." मला वाटलं होतं, कोण कशाला सांगेल? पण बऱ्याच जणांनी सांगितलं. एका वेल्डिंगवाल्यांनी तर स्वतःच्या डायरीतून सामानाची यादी वाचून दाखवली. काही जणांना आठवलं नाही. दोघा-तिघांनी फोनच उचलला नाही. एकूण किती गेलं ते काका सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

जीएसटीच्या नियमांतला नियम 57 सांगतो की हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा बॅकअप असा ठेवा की अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत मूळ नोंदी गेल्या तरी माहिती रास्त वेळेत परत मिळवता येईल. बघा, नियमही नुसतं 'बॅकअप घ्या' म्हणून थांबत नाही, परत मिळवता आला पाहिजे म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने हिशेब सांभाळावे लागतात. तुमची नोंदणी प्रायव्हेट लिमिटेड म्हणून असेल तर ऑगस्ट 2022 पासून बॅकअप रोजच्या रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे.

आमचं नवीन वेळापत्रक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 हा नियम आम्ही दुकानापुरता बसवून घेतला आहे. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. पहिली प्रत म्हणजे चालू हिशेब.

- रोज: दुकान बंद करताना पेन ड्राइव्हवर बॅकअप. सोमवार ते शनिवार प्रत्येक वाराचं वेगळं फोल्डर, म्हणजे आजचा बॅकअप कालच्यावर बसत नाही. काल चुकीचं काही झालं असेल तर परवाचा हाताशी असतो. काम झालं की पेन ड्राइव्ह काढायचा आणि काकांच्या खिशातून घरी.
- दर शनिवारी: बॅकअपची फाइल गूगल ड्राइव्हवर. मी घरबसल्या मोबाइलवरून तारीख आणि आकार बघते आणि काकांना एक अंगठा पाठवते.
- दर महिन्याच्या पहिल्या रविवारी: 'तपासणी' फोल्डरमध्ये रिस्टोअर, तीन आकडे, कॅलेंडरवर खूण.
- महिन्याच्या शेवटी: उधारीची यादी छापून फाइलला. कागदावर. काकूंच्या आग्रहाने.
- कॉम्प्युटर फॉरमॅट केला, बदलला, विंडोज नवं टाकलं, मुनीम बदलला: त्याच दिवशी बॅकअप घेऊन उघडून बघायचा. आमचं फसलं ते अशाच दिवशी.

आपल्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजनात वहीची पूजा करतात. यंदा काकांनी पाटावर चोपडीशेजारी तो पेन ड्राइव्हही ठेवला होता, हळद-कुंकू जरा लांबूनच वाहिलं. मुनीमजींनी पूजा झाल्यावर तो उचलला, कॉम्प्युटरला लावला आणि मला विचारलं, "बेटा, एफ ही है ना?"

एफच होता. तरी आम्ही उघडून पाहिलं.

तर मंडळी, या रविवारी तुमच्या घरातल्या दुकानदाराला एक फोन करा. "बॅकअप घेता का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येणार. विचारा, "शेवटचा कधी उघडून पाहिला?" आणि उत्तराआधी दोन सेकंद शांतता झाली, तर चहाच्या वेळेला तिकडे जाऊन या.

भेटू पुढच्या भागात!